केजीच्या मॅडमचं पेमेंट

एप्रिल महिना, दुपारचे साडेअकरा, पारा 43 च्या वर. गेटची कडी वाजली म्हणून बाहेर आले तर दोघी जणी उभ्या, तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला, नुसते डोळे दिसून राहिले, हातात पाम्प्लेटचा गठ्ठा. "काकू, घरात तीन वर्षांचं कोणी आहे का? नाहीतर शेजारी?" मी म्हटलं आधी आत या, पाणी प्या, मग विचारा. माठातलं दोन-दोन ग्लास पाणी प्यायल्यावर त्यातली एक बोलली, "प्रत्येकीला पाच ॲडमिशन आणायला सांगितले काकू, नाही झाले तर जूनमधे बोलावतील की नाही काय माहीत." दोघी मानेवाड्याकडच्या एका कॉन्व्हेंटमधल्या केजीच्या मॅडम. एप्रिलचं पेमेंट अर्धं. आणि मेचं? "मेमधे तर शाळा बंद राहते ना."

पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगते, आमच्या नागपुरात कॉन्व्हेंट म्हणजे सिस्टर, चर्च, घंटा असलं काही नसतं. गल्लीतल्या दुमजली घराच्या खालच्या तीन खोल्या, भिंतीवर मिकी माऊस, बाहेर एक घसरगुंडी आणि इंग्लिश मीडियमचा बोर्ड, झालं कॉन्व्हेंट. नर्सरी, केजी वन, केजी टू. हुडकेश्वर, वाठोडा, बेसा कुठेही जा, दर दोन गल्ल्यांआड एक सापडेल. मीही दक्षिण नागपुरातल्या अशाच एका शाळेत 2011 ते 2017 सहा वर्षं केजी वन घेतलं, नाव काही सांगत नाही. ती जरा मोठी होती, वरच्या मजल्यावर पहिली ते चौथी, खाली आम्ही.

आमच्यात पगार हा शब्दच नव्हता, पेमेंट म्हणायचे. पाकिटात यायचं, दहा तारखेनंतर केव्हाही. सोडलं तेव्हा माझं पेमेंट होतं 5,200 रुपये आणि वर्गात पोरं 34. जूनच्या शेवटच्या आठवड्यात विदर्भातल्या शाळा उघडतात तेव्हाचा पहिला दिवस ज्यानं पाहिला त्यालाच हे काम काय आहे ते समजेल, 34 पैकी 20 रडत असतात, एक गेटकडे पळतं, एकानं माझी ओढणी मुठीत धरलेली ती डबा खाताना पण सोडत नाही, कोणी चड्डीत केलेलं असतं आणि मावशी दुसऱ्या वर्गात असते. मला एक पोरगा आठवतो, पेन्सिल धरायचा ती पूर्ण मूठ आवळून, सुरी धरल्यासारखी, त्याला पेन्सिल दिलीच नाही मी दोन महिने. आधी कणकेचे गोळे, मग मणी ओवणं, मग कपडे वाळवायचे चिमटे दोरीला लावणं. बोटांत जोर आल्यावर दिवाळीनंतर त्यानं स्वतःहून तीन बोटांत खडू धरला. त्याची आई म्हणाली, मॅडम दिवाळी आली तरी एबीसीडी लिहीत नाही हो हा. बरोबरच आहे तिचं, बाहेरून हे दिसत नाही. पुढे तोच मुलगा वरच्या मजल्यावर गेला आणि भरभर लिहायला लागला, कौतुक पहिलीच्या मॅडमचं झालं. तिचंही पेमेंट काही फार नव्हतं, पण माझ्या दुप्पट होतं, आणि तिला मेमधे पण मिळायचं.

मी एकदा विचारलं होतं, सर हा फरक कशासाठी. उत्तर मिळालं, "मॅडम, तुमचं काम खेळवायचं आहे, शिकवायचं वर आहे." मी गप्प बसले. घरीही तेच ऐकायला मिळायचं, सासूबाई सरळ म्हणायच्या, घरी बसून काय करशील, टाइमपास होते नं. सगळा घोळ इथेच आहे. लहान पोरं सांभाळणं बाईला जन्मतःच येतं असं धरून चालतात, मग जे आपोआप येतं त्याचे पैसे कशाला द्यायचे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला जन्म घालवून हे शास्त्र आहे, शिकावं लागतं, हे दाखवून दिलं, आपण त्यांचे फोटो लावतो आणि केजीच्या मॅडमला विचारतो की तुला डीएड नाही जमलं का.

आता कायद्याकडे या, कारण खरी गंमत तिथे आहे. 1996 मधे हरियाणातल्या खाजगी शाळांच्या संघटनेच्या केसमधे सुप्रीम कोर्टानं सांगून ठेवलं की शिक्षक किमान वेतन कायद्याच्या व्याख्येत बसत नाहीत, कारण शिकवणं हे त्या व्याख्येतलं कुशल, अकुशल, अंगमेहनतीचं किंवा कारकुनी काम नाही. नोव्हेंबर 2025 मधे नवीन वेतन संहिता लागू झाली, तिच्यात कामांची यादी लांबलचक आहे, सुपरवायझर आला, मॅनेजर आला, क्लर्क आली, पण शिकवणं हा शब्द तिथेही नाही. म्हणजे फरशी पुसणाऱ्या मावशीला, गेटवरच्या काकाला, फी घेणाऱ्या ताईला किमान वेतन मागता येतं (मिळते की नाही हा वेगळा विषय), आणि मधल्या खोलीत 34 पोरं घेऊन बसलेल्या बाईला ते मागायचीही सोय नाही. मोठ्या शाळेतल्या शिक्षकांना निदान 1977 चा खाजगी शाळा कर्मचाऱ्यांचा कायदा आहे, 1981 चे नियम आहेत, पण तो शासनमान्य शाळांसाठी, आणि केजीला इतकी वर्षं मान्यता घ्यायचीच भानगड नव्हती. पीएफ लागतो 20 कर्मचारी असले की. आमच्याकडे 19 होते. सहा वर्षं 19 च होते, विसावी आली की कोणीतरी जायचंच. ग्रॅच्युइटीत मात्र शिक्षक धरले जातात, 2009 ची दुरुस्ती आहे, 1997 पासून लागू, 2022 मधे सुप्रीम कोर्टानं ती कायमही ठेवली, पण मुदतीचा करार नसेल तर त्याला सलग पाच वर्षं नोकरी लागते आणि जिला दर जूनमधे नवीन म्हणून लिहितात तिची पाच वर्षं कागदावर कशी भरतील सांगा.

दुसऱ्या बाजूला सरकारी धोरण वाचलं की वाटतं केजीची मॅडम म्हणजे राष्ट्राचा पाया. 2020 चं शैक्षणिक धोरण सांगते की मेंदूची 85 टक्क्यांहून जास्त वाढ सहा वर्षांच्या आत होते, म्हणून 3 ते 8 वर्षं हा एकच पायाभूत टप्पा. नीट पाहा, नर्सरी, केजी वन, केजी टू, पहिली, दुसरी हे सगळं एकच. अभ्यासक्रमाचा आराखडा पण 2022 मधे एकत्रच आला. राज्यघटनेतलं कलम 45 तर 2002 च्या दुरुस्तीनंतर फक्त सहा वर्षांखालच्या मुलांबद्दलच बोलते. मग टप्पा एक, आराखडा एक आणि पेमेंटचे दोन भाव कसे? जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या पहिलीच्या शिक्षकाचं मूळ वेतन सातव्या आयोगाप्रमाणे 29,200 पासून सुरू होते, वर भत्ते. त्याच टप्प्यातल्या केजीच्या मॅडमला माझ्या ओळखीत आजही 4,500 ते 8,000.

इथे बहुतेक लोक म्हणतात की संस्थाचालक लुटून राहिले, त्यांना धरा. काही लुटतात, मी नाही म्हणत नाही. 12,000 वर सही घेऊन हातात 7,000 देणारे मला माहीत आहेत, बँकेत टाकून अर्धे कॅशमधे परत मागणारेही. पण सगळीकडे तसं नाही, आणि हे न समजता जो बोलतो त्याचं बोलणं पुढे जात नाही. माझी एक मैत्रीण स्वतः छोटं कॉन्व्हेंट चालवायची, तिच्या डायरीतला हिशोब आम्ही दोघींनी एकदा तिच्या ओट्यावर बसून केला होता. मुलं 46, फी महिन्याला 900, म्हणजे सगळ्यांनी दिली तर 41,400. घरभाडं 11,000. लाइट बिल, कूलरसहित, 2,500. दोन मावशी 4,000 प्रमाणे 8,000. तीन टीचर 4,500 प्रमाणे 13,500. खडू, रंग, छपाई, फिनाइल, पाण्याच्या कॅन धरून 2,000. झाले 37,000. उरले 4,400. आणि दर महिन्याला आठ जणांची फी हमखास थकते, म्हणजे 7,200 गेले, ती उलट 2,800 नं आत. ते ती ट्यूशन घेऊन भरून काढायची. आता तिला म्हणा की टीचरला निदान शिक्षण सेवकाइतके, म्हणजे नवीन लागलेल्या, मानधनावरच्या शिक्षकाइतके तरी दे, शिक्षण सेवकाचं मानधन 2023 मधे 6 हजारावरून 16 हजार झालं, तेवढे. तीन टीचरचे 48,000. तिची सगळी फी मिळून तेवढी होत नाही. फरक 34,500 चा, 46 मुलांवर वाटला तर डोक्यामागे 750 रुपये, म्हणजे फी 900 ची 1,650. तिच्याकडे पोरं कोणाची होती, ऑटोवाल्याची, हिंगणा एमआयडीसीत रोजीवर जाणाऱ्याची, धुणीभांडी करणाऱ्या बाईची. 1,650 ऐकलं की त्यांनी पोरगं काढून घरी बसवलं असतं.

म्हणून नुसता 'समान वेतन द्या' असा जीआर काढून काही होणार नाही, मोठ्या शाळा कागद रंगवतील आणि छोट्या बंद पडतील. पैसा बाहेरून यावा लागेल, आणि बाहेरून म्हणजे सरकारकडून. माझं म्हणणं एवढंच आहे की तो पैसा संस्थेला अनुदान म्हणून न देता मॅडमच्या खात्यात पगार म्हणून यावा, मुलांच्या संख्येवर ठरावा आणि दर महिन्याला यावा.

लगेच प्रश्न येतो की खाजगी धंद्याला करदात्याचा पैसा कशाला. पण तो जाऊनच राहिला ना. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या 25 टक्क्यांतून जी मुलं खाजगी शाळेत जातात त्यांच्यासाठी महाराष्ट्र सरकारनं वर्षाला मुलामागे 17,670 रुपयांचा दर ठरवलेला आहे (वेळेवर देत नाही, शाळांची वर्षांची थकबाकी आहे, ते रडगाणं सगळ्यांना माहीत आहे). माझ्या मैत्रिणीच्या हिशोबात मॅडमचं पेमेंट 16 हजारावर न्यायला लागतात मुलामागे महिन्याला 750, वर्षाचे 9,000. त्या 17,670 चे जवळपास अर्धे. म्हणजे तत्त्वाचा प्रश्न कधीच संपला आहे, खाजगी शाळेतल्या मुलामागे पैसे द्यायचे हे सरकारनं मान्य केलेलं आहे, फक्त देताना केजीच्या मॅडमच्या हातात किती पडतात हे विचारायचं राहून गेलं. आणि थेट खात्यात कसे टाकायचे हेही आता कोणी विचारू नये, लाडक्या बहिणीचे 1,500 जुलै 2024 पासून टाकूनच राहिले. माझ्या ओळखीच्या कितीतरी केजीच्या मॅडमना ते मिळतात. 4,500 चं पेमेंट आणि वर 1,500 सरकारचे, म्हणजे तिच्या महिन्याच्या कमाईचा चौथा हिस्सा सरकार आजच देऊन राहिलं, पण शिकवते म्हणून नाही, उत्पन्न कमी आहे म्हणून. हे मला जास्त लागते.

नागपूरकर आता दुसरी गोष्ट काढतील, आणि ती काढायलाच पाहिजे. शालार्थ. अनुदानित शिक्षकांचे पगार ज्या शालार्थ सिस्टिममधून होतात तिच्यात बोगस आयडी घालून नसलेल्या शिक्षकांच्या नावानं पगार उचलल्याचं प्रकरण 2025 मधे आपल्याच शहरात बाहेर आलं, शिक्षण खात्यातल्या मोठ्या अधिकाऱ्यापर्यंत अटका झाल्या. मग अजून एक नळ उघडून द्यायचा का यांना? माझ्या नवऱ्यानं हा लेख वाचून पहिला हाच प्रश्न टाकला, "काऊन वं, तुले वाटते का हे लोक सोडतीन?" मला नाही वाटत सोडतील. पण त्या प्रकरणात पैशाचा रस्ता कसा होता ते पाहा, संस्थेनं नेमणूक दाखवायची, अधिकाऱ्यानं मान्यता द्यायची, फाइल दोघांमधेच, पालकाला शाळेत कोण शिक्षक मंजूर आहे हे माहीतच नसते. केजीचं तसं नसते. केजीच्या मॅडमला गल्लीतली प्रत्येक आई चेहऱ्यानं ओळखते, रोज सकाळी पोरगं तिच्या हातात देते. शाळेच्या गेटवर बोर्ड लावा, मॅडमचं नाव, फोटो, वर्गात किती मुलं आणि सरकारकडून दरमहा किती पगार येतो. नसलेली मॅडम त्या बोर्डावर आठ दिवस टिकणार नाही, पहिली ओरड आयाच करतील. चोरी थांबेल असं मी लिहून देत नाही, पण लपवायला जागा कमी राहील.

आणि अंगणवाडीताई? त्यांचं काय, आधी त्यांना द्या मग तुम्हाला, असंही म्हणतात. अंगणवाडीताईंचं मानधन अजूनही त्यांच्या कामाच्या मानानं कमीच आहे, मी त्यांच्या बाजूनंच आहे. पण त्यांनी काय केलं ते पाहण्यासारखं आहे, डिसेंबर 2023 मधे संप केला तो जानेवारी उलटेपर्यंत ताणला, मोर्चे काढले, आणि मानधन 10 हजारावरून 13 हजार झालं, वर प्रोत्साहन भत्ता. 2022 मधे सुप्रीम कोर्टानं त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क पण दिला. त्यांच्यामागे युनियन आहे, त्यांचा मालक एकच आहे, सरकार. केजीच्या मॅडमचे मालक शहरभर शेकडो, कोणाविरुद्ध संप करणार? आमच्या शाळेत एकीनं दिवाळीचे पैसे वाढवून मागितले तर तिला सुट्टीनंतर येऊ नका म्हणून फोन गेला, बस, एवढंच. परिस्थिती अशी उलटी झाली आहे की गरिबांसाठी म्हणून काढलेल्या अंगणवाडीतली ताई, फी घेणाऱ्या कॉन्व्हेंटमधल्या मॅडमपेक्षा दुप्पट-तिप्पट कमावते. आणि तिलाही मी पोटभर म्हणणार नाही.

हे असं जगात कुठे होते का म्हणाल तर न्यूझीलंडमधे होते. तिथेही लहान मुलांची बरीच केंद्रं खाजगी आहेत आणि सरकार मुलाच्या तासांवर पैसे देते. 2022 पासून त्यांनी असं केलं की जे केंद्र टीचरना किंडरगार्टनच्या शिक्षकांच्या पगाराच्या पायऱ्यांप्रमाणे पगार द्यायचं कबूल करेल त्याला अनुदानाचा दर जास्त, ज्याला ही अट नको त्याला साधा दर. जबरदस्ती नाही, निवड मालकाची. त्यात खोट अशी निघाली की अनुभवी टीचरचा पगार जास्त आणि दर सगळ्यांना सारखा, त्यामुळे जुन्या टीचर ठेवणं परवडत नाही अशी मालकांची कुरकुर. आपल्याकडे करायचं तर हे आधीच ध्यानात घ्यावं, नाहीतर पंधरा वर्षं केजी घेतलेली बाई काढून बारावी पास पोरगी ठेवतील. पैसे मॅडमच्या नावावर आले तर ही अडचण बरीच सुटते, कारण ती जुनी असली काय नवीन असली काय, मालकाच्या खिशातून फरक पडत नाही.

ट्रेनिंगची अट पाहिजे, पूर्ण पाहिजे. बारावीवर कोणालाही उभं करून सरकारी पगार मागणं मला मान्य नाही, वर्षभराचा डिप्लोमा करायला दोन-तीन वर्षांची मुदत द्या, फी सरकारनं भरावी, मग पूर्ण पगार. वर्गातली मुलं पण कमी करा, 2013 च्या राष्ट्रीय धोरणात 3 ते 6 च्या 20 मुलांमागे एक शिक्षिका लिहिली आहे, 34 नाही. मला माहीत आहे हे वाचून माझ्या जुन्या शाळेचे सर चिडतील, कारण 20 च्या हिशोबानं तिच्या डायरीतली तीन टीचरची बेरीज पुरेल, पण माझ्या जुन्या शाळेची नाही पुरणार.

त्या पाम्प्लेटवाल्या दोघींपैकी एक मला नंतर इतवारीत साडीच्या दुकानात भेटली, गादीवर बसून साड्या उलगडून दाखवत होती. नऊ हजार देतात म्हणाली, मेमधे पण. पाच ॲडमिशन झाले नाहीत, तीनच झाले. तिच्या वर्गातल्या पोरांना आता दुसरी मॅडम, दिवाळीपर्यंत तीही टिकली तर ठीक. तीन वर्षांच्या पोराला एका माणसाची सवय व्हायला दोन महिने लागतात, वर सांगितलेल्या त्या ओढणीवाल्यानं तर ऑगस्ट उजाडवला होता.

2025 मधे शालेय शिक्षण विभागानं खाजगी नर्सरी-केजीवाल्यांना पोर्टलवर नोंदणी करायला सांगितलं, ही सुरुवात चांगली आहे, निदान कुठे किती कॉन्व्हेंट आहेत हे तरी कळेल. त्यात मॅडमला महिन्याला किती, वर्षातले किती महिने, आणि कॅश की बँकेत, एवढे तीन रकाने सक्तीचे करा, ते भरल्याशिवाय फॉर्म पुढे जाऊ नये. दर डिसेंबरात अधिवेशन लागते, मॉरिस कॉलेजच्या टी पॉइंटवर आणि टेकडी रोडवर मोर्चे अडवतात, विनाअनुदानितवाले शिक्षक येतात, अंगणवाडीताई येतात, पोलीस, दांडे, चहाच्या टपऱ्या, सगळं असते. केजीच्या मॅडमचा मोर्चा मी एकदाही पाहिला नाही. गॅदरिंगची तयारी त्याच आठवड्यात राहते, आणि एका दिवसाच्या सुट्टीचे दोन दिवसांचे पैसे कापतात.